सगळं गाव मधल्या पायरीवर

"साठ लिही," उज्ज्वलानं सांगितलं, आणि सांगता सांगता पदर सारखा केला.

समोर पाटावर बसलेली नगरपालिकेची मुलगी, श्रावणी, हसली नाही. हसायची तिला बंदीच होती. गेल्या पंधरा दिवसांत तिनं रेंदवाडीतली सातशे घरं पालथी घातली होती आणि जिथं जाईल तिथं तिला पन्नास, पंचावन्न, साठ असेच आकडे ऐकायला मिळाले होते. पत्र्याच्या खोलीतही तेच आणि तीन मजली बंगल्यातही तेच.

"मावशी, एकदा परत सांगते हं. गावातली शंभर घरं रांगेत उभी केली, सगळ्यात कमी मिळकतीचं पहिलं आणि सगळ्यात जास्तीचं शंभरावं, तर तुमचं घर साठावं. असंच ना?"

"असंच. आम्ही काय श्रीमंत न्हाई, मधली माणसं. पण अगदी खालचीही न्हाई. माझं माहेर उत्तुऱ्यांचं. अरविंद उत्तुरे, एअरजेट मागवाले, तो माझा सख्खा भाऊ."

श्रावणीनं साठ लिहिलं. मग हाताएवढी पाटी उज्ज्वलाच्या हातात दिली आणि नियमाप्रमाणे पाठ फिरवून बसली. पाटीवर एकच आकडा उमटला. एकोणीस.

"अगं, बिघडलंय हे तुझं."

"काय आलं ते मी बघितलेलं नाही, मावशी. आम्ही बघायचं नसतं."

"परत लाव."

श्रावणीनं परत लावलं. परत एकोणीसच आलं, थोडा वेळ थांबलं आणि पुसून गेलं. गावात ते आता फक्त उज्ज्वलाला ठाऊक होतं. श्रावणी पुढच्या घरी गेली तरी उज्ज्वला रिकामी पाटी धरल्यासारखा हात पुढं करून बसून राहिली.

या भानगडीचं मूळ एका कायद्यात होतं. दोन हजार त्रेचाळीस सालापासून नगरपालिकांना 'नगरटक्का' बसवायची मुभा मिळाली. प्रत्येकाच्या मिळकतीतला ठरावीक टक्का गावाच्या निधीत जायचा आणि त्यातून दवाखाना, पाळणाघर, म्हाताऱ्यांची जेवणं असली कामं चालायची. टक्का सगळ्यांना सारखा, म्हणजे मोठ्या मिळकतीचे पैसे मोठे. सोयी मात्र सगळ्यांना सारख्याच. हा टक्का किती असावा हे दिवाळीनंतरच्या रविवारी गावानंच ठरवायचं. शून्यापासून वीसपर्यंत ज्याला जो आकडा वाटेल तो त्यानं द्यायचा. मग सगळे आकडे चढत्या क्रमानं लावून बरोबर मधोमध जो येईल तो वर्षभराचा टक्का.

सरासरी नव्हे, मधला. फरक साधा आहे. पाच घरांच्या गल्लीत पाचव्या घरी गिरणीमालक राहायला आला, तर गल्लीची सरासरी मिळकत एकदम आभाळाला टेकते. पण मधल्या, म्हणजे तिसऱ्या घराच्या चुलीवर त्याचा काडीइतका परिणाम होत नाही. अशा गल्लीत टक्का वाढला तर तिसऱ्या घराचा फायदाच होतो, कारण ते देणार थोडं आणि गिरणीमालकाच्या भरीमुळे त्याला मिळणार जास्त. म्हणून अर्थशास्त्रातली जुनी समजूत अशी, की लोकशाहीत दरी वाढली की वाटपही वाढतं. मतांची किल्ली मधल्या माणसाच्या हातात असते आणि मधला माणूस काही खुळा नसतो. समजूत सुरेख होती. अडचण एवढीच, की ठिकठिकाणी तसं घडतच नव्हतं.

रेंदवाडीत तरी कुठं घडलं? दहा वर्षांत जुने खडखडणारे माग भंगारात गेले आणि हवेच्या झोतावर धोटा न वापरता विणणारे नवे माग आले. साठ मागांवर एक माणूस पुरायला लागला. ज्यांनी ते माग घेतले ते कुठल्या कुठं गेले आणि ज्यांचे हात रिकामे झाले ते घरी बसले. तरी टक्का दरवर्षी आपला तीन.

मग संशोधकांनी लोकांनाच विचारून बघितलं, आणि उत्तर बघून त्यांनी कपाळाला हात लावला. माणूस आहे त्या पायरीवरून मत देतच नाही. आपण ज्या पायरीवर आहोत असं त्याला वाटतं, तिथून देतो. आणि वाटतं सगळ्यांनाच, आपण मधले. वरचा त्याच्याही वरच्याकडं बघून स्वतःला मधला म्हणतो, खालचा त्याच्याही खालच्याकडं बघून. सगळं गाव मधल्या दहा पायऱ्यांवर दाटीवाटीनं उभं आणि बाकीचा जिना ओस, असा तो प्रकार होता.

म्हणून ही पाटी निघाली. विजेचा मीटर, पाण्याचा नळ, औषधं, प्रवास, किराणा, अशा शेकडो खुणांवरून ती घराच्या मिळकतीचा अदमास बांधते. खुणा आतल्या आत मिसळून जातात, कुणाच्याही डोळ्यांना दिसत नाहीत. बाहेर पडतो तो फक्त घराचा क्रमांक, तोही घरच्या माणसालाच, मतदानाच्या आधी एकदा. लोक पाटीला 'शंभरी' म्हणायचे. तुझी शंभरी भरली का, असं एकमेकांना विचारून हसायचे. उज्ज्वलाही काल हसली होती.

दुपारी शिवानंद, तिचा नवरा, श्वासघरातून आला. उंबऱ्याशी थांबला, दोन दम घेतले आणि मग आत येऊन खुर्चीत टेकला. तो जॉबर होता, म्हणजे माग बिघडला की ज्याला बोलावतात तो माणूस. नुसत्या आवाजावरून कुठला पट्टा सैल झालाय हे तो सांगायचा. तीस वर्षं कापसाच्या धुळीत काढल्यावर त्याची फुफ्फुसं आखडली, आणि नेमके त्याच सुमारास त्याला ठाऊक असलेले मागही गेले. श्वासघर नगरटक्क्यावर चालायचं. रोज दोन तास तिथं त्याच्यासारख्यांना प्राणवायू द्यायचे, छातीचे व्यायाम करून घ्यायचे, आणि तेवढ्या जोरावर तो उरलेला दिवस काढायचा. गेल्या महिन्यात तिथं फळा लागला होता: टक्का निदान पाच झाला नाही, तर जानेवारीपासून श्वासघर बंद.

"अहो, शंभरीवाली येऊन गेली."

"बरं. कितवं निघालं?"

"एकोणीस." तिला रडू यायला लागलं होतं, पण तिनं ते रागावर नेलं. "खुळं यंत्र आहे. मी साठ सांगितलं होतं."

शिवानंद हसला. हसताना त्याला खोकला आला, म्हणून हसणं अर्ध्यावर राहिलं. "मला तर पंधरा वाटलं होतं. चार पायऱ्या वर निघालो की."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"उजे, मी माग दुरुस्त करणारा माणूस. कुठं काय सैल झालंय ते मला कळतं." मग जरा थांबून, तिला लागू नये अशा बेतानं तो म्हणाला, "तू साठ सांगितलंस ते आपल्या घराचं न्हाई. ते तू माहेर आणि आपण मिळून भागलंस. लग्न झाल्यापासून तसंच मोजतेस."

ते खरं होतं. एकतीस वर्षं ती कबाड्यांच्या, म्हणजे नवऱ्याच्या घरात राहत होती आणि मोजताना उत्तुऱ्यांच्या घरात उभी राहत होती. भाऊबीजेला माहेरी जाताना ठेवणीतली साडी नेसायची, डबाभर चकल्या न्यायची, "कसं चाललंय?" म्हटलं की "छान चाललंय" म्हणायचं. नऊ वर्षं झाली, भाऊ तिच्या घरी आला नव्हता. तीच म्हणायची, तू कशाला त्रास घेतोस आण्णा, मीच येते. या दोन खोल्या त्यानं बघू नयेत, एवढ्यासाठी.

आणि नगरटक्क्याला ती दरवर्षी दोन हा आकडा द्यायची. नवरा ज्या टक्क्याच्या जोरावर श्वास घेत होता, त्यालाच दोन. कारण मतदान यंत्रापुढं उभं राहिलं की तिला आण्णा दिसायचा. वडील गेले तेव्हा तिनं हक्कसोड पत्रावर सही केली होती. कुणी जबरदस्ती केली नव्हती. तिनं हौसेनं केली आणि वहिनीच्या हातचा शिरा खाऊन घरी आली. वडिलांच्या मागांच्या शेडमधलं आपलं सगळं भावाला सोडलं, त्या बदल्यात माहेर कायमचं राहिलं. आता टक्का वाढवून मागायचा म्हणजे सोडलेलं मागच्या दारानं मागितल्यासारखं तिला वाटायचं. तिनं हे शिवानंदला कधी सांगितलं नव्हतं, आणि त्यानंही कधी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिनं आण्णाला फोन लावला. "यंदा भाऊबीज माझ्याकडं. तू आणि वहिनी जेवायला या."

"आता का गं? काही विशेष?"

"विशेष काय. बहिणीच्या घरी यायला विशेष लागतंय होय?"

भाऊबीजेला आण्णा आणि स्मितावहिनी आले. गल्ली अरुंद म्हणून गाडी चौकातच ठेवून चालत आले. आण्णा दारात वाकून आत शिरला. त्यानं भिंतीच्या ओलीकडं बघितलं, कोपऱ्यातल्या प्राणवायूच्या यंत्राकडं बघितलं, आणि मग कुठंच न बघता पाटावर बसला. उज्ज्वलानं ओवाळलं. ताटात त्यानं काय घातलं ते तिनं नेहमीप्रमाणे बघितलं नाही. पुरणपोळीवर तूप पडलं, आमटीचे भुरके सुरू झाले आणि आण्णाची जीभ सैल झाली.

"दाजी, तुमच्याकडं आली का ती शंभरी? मला काय दाखवावं तिनं? सत्त्याण्णव." तो हसला. "मी पंचावन्न सांगितलं होतं. कर्जावर घेतलेले माग, वर गिरणीवाल्यांचा धाक, त्यांच्यापुढं आपण कोण? मधली माणसं. त्या फळ्यावर पाच टक्के लिहून ठेवलंय, पण आपल्यासारख्यांनी असं सढळ होऊन चालत न्हाई. मी तर दरवर्षी दोनच देतो."

"वाटलंच," शिवानंद म्हणाला.

"स्वतःसाठी न्हाई हो. माझं निभेल कसंही. पण म्हटलं, टक्का वाढला तर उजूच्या घराला झेपायचं न्हाई."

वाढायला वाकलेली उज्ज्वला तशीच थांबली. "कुणाच्या घराला?"

"तुझ्या. दुसऱ्या कुणाच्या?"

"आण्णा, मी दरवर्षी दोन देते. तुझ्यासाठी."

मग स्मितावहिनींना हसू फुटलं, आणि आपण एकट्याच हसतोय हे लक्षात येऊन त्यांनी ते तोंडावर हात धरून आवरलं.

"तुझा कितवा आला?" आण्णानं विचारलं. विचारायचा नसतो हे त्यालाही ठाऊक होतं.

उज्ज्वलानं नवऱ्याकडं बघितलं. आकडा दोघांचा होता, त्यातली लाजही दोघांची. शिवानंदनं पाण्याचा घोट घेतला. "सांग की. घरचाच माणूस आहे."

"एकोणीस."

आण्णाचा चेहरा उतरला. त्यानं परत एकदा खोली बघितली, या वेळी नीट, आणि त्याचे डोळे भरून आले. बहिणीवर त्याचा जीव होता, यात कधीच खोट नव्हती. "इतकी वर्षं छान चाललंय, छान चाललंय म्हणत होतीस. मी खुळ्यासारखा चकल्या खात बसलो." मग डोळे पुसून तो कामाच्या आवाजात म्हणाला, "दाजींना पुण्याला नेऊ. मोठं हॉस्पिटल बघतो. घरी नर्स ठेवू. उद्या गाडी पाठवतो, तुम्ही फक्त बसायचं. त्या श्वासघराचं काय घेऊन बसलीस?"

इथं उज्ज्वलानं हो म्हटलं असतं, तर तिला कुणीही नावं ठेवली नसती. तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. शिवानंदची पोळी मोडताना लागणारी धाप तिला ऐकू येत होती.

"श्वासघरात अडतीस माणसं येतात," ती म्हणाली. "त्यांच्या बायकांना सत्त्याण्णवावा भाऊ न्हाई. त्यांनी कुणाच्या गाडीत बसायचं?"

"सगळ्या गावाचं मी बघू?"

"तू एकट्यानं नको. गावानंच बघायचं, त्यासाठीच तर मत आहे. यंदा मी दोन देणार न्हाई, आण्णा. तुझ्या माघारी द्यायला नको म्हणून तुला घरी बोलावून सांगतेय."

आण्णाला ते लागलं. "म्हणजे माझ्या हातून घ्यायची लाज, आणि माझ्या खिशातून मतानं घ्यायची न्हाई? मागितलं असतंस तर न्हाई म्हटलं असतं का मी? त्या सहीचं मनात ठेवलंस होय?"

"न्हाई." उज्ज्वला म्हणाली. "सही मी हसत केली, आजही करीन. ते माझं होतं, मी सोडलं. हे त्या अडतीस जणांचं आहे. ते मी कोण सोडणार?"

आण्णा पानावरून उठला. पोळी अर्धी राहिली होती. हात धुतले, चपला घातल्या आणि तो गल्लीत चालू लागला. स्मितावहिनींनी निघताना उज्ज्वलाचा हात घट्ट दाबला.

नंतरचे चार दिवस उज्ज्वलानं कसेबसे काढले. काम करता करता ती रडायची आणि रडता रडता काम करायची. आपलं माहेर संपलं, असंच तिनं धरलं होतं. चौपन्नाव्या वर्षी माहेर गेलं तर बाईनं रडावं का, असंही तिला वाटायचं, आणि त्यानं आणखी रडू यायचं. फोन वाजला की ती धावायची. तो आण्णाचा नसायचा.

रविवारी सकाळी मतदानाला निघताना शिवानंदनं बूट चढवता चढवता सांगितलं, "आण्णा शुक्रवारी श्वासघरात आले होते."

"काय म्हणता? कशाला?"

"बोलले न्हाईत काही. बाकावर बसले. सगळ्यांकडं बघत होते. मग एकेक जण ओळख द्यायला लागला. हणमंत, तो बसू गौडा, थोरला म्हेत्रे. निम्मी माणसं तुमच्या वडलांच्याच शेडवरची, उजे. धूळ तिथलीच. दोन तास पुरे बसले आणि गेले."

"आणि हे तुम्ही मला आज सांगताय?"

"तू तुझं मत त्यांच्याकडं बघून ठरवायला नको होतं," शिवानंद म्हणाला. "पण आता राहवेना."

शाळेत रांग मोठी होती, पण नेहमीपेक्षा शांत. लोक एकमेकांकडं बघायचे आणि नजर काढून घ्यायचे. ज्याच्या खांद्याला खांदा लावून आपण एकाच पायरीवर उभे आहोत असं इतकी वर्षं वाटत होतं, तो शेजारी खरा कुठं उभा असेल, हा विचार त्या दिवशी रांगेत सगळ्यांनाच पडला असावा. उज्ज्वलाची पाळी आली. बारा द्यायचे असं ठरवून ती आली होती. बारा झाले तर श्वासघर टिकणार होतंच, शिवाय पूर्ण वेळचा डॉक्टर आला असता. तिनं आकड्यांच्या पट्टीवर बोट ठेवलं. बोट सरकत सरकत गेलं आणि बारापर्यंत पोचण्याआधीच थांबलं. तिनं तिथंच बटण दाबलं.

संध्याकाळी निकाल आला. मधला आकडा सात. श्वासघर राहणार होतं. शिवानंद खुर्चीतून उठून दारापर्यंत गेला, शेजारच्याला सांगितलं, आणि परत येऊन दम खात बसला. त्याच्या चेहऱ्यावरून हसू जात नव्हतं.

उज्ज्वलालाही आनंद झाला होता. पण तो सांगायला फोन करावा असं जे एक घर होतं, तिथंच तिला करता येत नव्हता. ती चुलीपुढं उगीच भांडी हलवत राहिली.

दाराशी कुणीतरी खाकरलं. आण्णा उभा होता. एकटा, आणि न बोलावता.

"आत ये की," शिवानंद म्हणाला, आणि ते 'या की' म्हणायला हवं होतं हे त्याला आनंदात कळलंही नाही.

आण्णा आला. खाली सतरंजीवर बसला. "वडील असताना शेडमध्ये पाणी मारायचे का गं? धूळ बसावी म्हणून?"

"न्हाई मारायचे. सूत भिजतं म्हणायचे."

"मीही न्हाई मारलं." त्यानं मान हलवली. मग तिच्याकडं बघितलं. "किती दिलंस?"

"विचारायचं नसतं."

"मग मी सांगतो. पंधरा."

उज्ज्वला भांडी सोडून त्याच्यासमोर येऊन बसली. भावापुढं खोटं बोलायची आता तिच्यात ताकद नव्हती. "मी नऊ," ती म्हणाली.

"नऊ?"

"बारा देणार होते."

"उजू," आण्णा म्हणाला, "अगं, अजून मलाच सांभाळतेस होय?"

"सवय आहे रे," ती डोळे पुसत म्हणाली. "दोन-तीन निवडणुकांत जाईल. बस, चहा ठेवते."